गुरुवारची गोळी

"अरे, गोळी काय डोकेदुखीची आहे का, लागली की घेतली?" असं सखाराम कंपाउंडर म्हणाला आणि बाकावरची माणसं हसली. नवशाही हसला. दवाखान्यात चारचौघं हसली की आपणही हसावं, म्हणजे आपण वेगळे दिसत नाही, हे त्याला इतक्या वर्षांच्या हॉटेलातल्या नोकरीनं शिकवलं होतं. पण हसता हसता त्याच्या लक्षात आलं की दोन्ही हातांची खाज थांबली आहे. साबणाच्या पाण्यानं बोटांच्या बेचक्यांत फोड आले होते, रात्रभर आग होत होती, त्यासाठीच तो सुपरवायझरकडून दोन तासांची सवड मागून लोणावळ्याच्या बाजारपेठेमागच्या या दवाखान्यात आला होता. आता हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे मांडीवर पडून होते आणि उजव्या हातात पेन होतं. समोरच्या कागदावर सातवा प्रश्न होता: गर्भ राहू नये म्हणून बाईनं गोळी कधी घ्यायची? पहिला चौकोन, रोज. दुसरा चौकोन, नवऱ्याजवळ जाईल त्या दिवशी. तिसरा, माहीत नाही. नवशा चौथी शिकलेला. बाकीचे सहा प्रश्न त्याला सावकाश वाचावे लागले होते. सातव्याला मात्र त्यानं वेळ लावला नाही. दुसऱ्या चौकोनात ठसठशीत खूण केली. या एका प्रश्नाचं उत्तर आपल्याला पक्कं येतं याचं त्याला बरंही वाटलं होतं.

कागद दवाखान्याच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडमनी काढले होते. आपल्याकडे येणाऱ्या पेशंटांना पाळणा लांबवायच्या साधनांबद्दल काय ठाऊक आहे आणि ते काय वापरतात, हे त्यांना बघायचं होतं. नाव लिहायचं नाही, कुणी कुणाचा कागद बघायचा नाही, असं वर छापलं होतं. पण सखाराम तीस वर्षांचा कंपाउंडर. ज्याला वाचता येत नाही त्याला तो प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि ज्याला येतं त्याच्या खांद्यावरून डोकवायचा. त्यात वाईट हेतू काही नव्हता. शाळेतल्या मास्तरासारखं त्याला चुकलेलं उत्तर बघवत नव्हतं, एवढंच. "रोज घ्यायची असते, नवशा. एकही दिवस न चुकता. मधे खंड पडला की संपलं," तो म्हणाला आणि दुसरा कोरा कागद पुढे केला. "हा घे, नवीन भर. कुणाला कळतंय."

रोज. नवशानं तो शब्द परत वाचला. पहिल्या चौकोनापुढे तो अगदी साधेपणानं बसला होता. रोज दूध येतं, रोज चादरी बदलतात, तसा रोज. सहा वर्षं तो आणि रंजना या शब्दाच्या शेजारून गेले होते. वाडीवर येणारी आशाताई पाकीट द्यायची. त्यात एकवीस पांढऱ्या गोळ्या आणि सात काळ्या. रंजनानं पहिले आठ दिवस रोज घेतली तेव्हा तिला मळमळायला लागलं, भाकरी थापतानासुद्धा पदर तोंडाला लावायची. तेव्हा नवशानंच तोड काढली. तो लोणावळ्याला हॉटेलात राहायचा, सुट्टी फक्त गुरुवारी, कारण शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड. पाहुणा येणार असेल त्या दिवशी आपण मूठभर तांदूळ जास्त टाकतो, रोज टाकत नाही, असं तो तिला म्हणाला होता. मी येईन त्या दिवशी घे. उगाच सहा दिवस अंगात गरमी कशाला? तिला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, नवरा शहरात राहतो, त्याला ठाऊक असणार, असं तिनं धरलं. बुधवारी रात्री त्याचा फोन आला की ती विचारायची, "उद्या नक्की न्हवं?" म्हणजे गोळीचं बघायला. काळ्या गोळ्या ताकदीच्या असतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्या ती भातलावणीच्या दिवसांत घ्यायची, आणि एकदा शेजारणीच्या अशक्त सुनेलाही दोन दिल्या होत्या. आणि हे सगळं सहा वर्षं चाललं होतं. काहीच झालं नाही. चुकीचा रस्ता सहा वर्षं घरी नेऊन सोडत असेल तर माणूस त्याला चुकीचा कसा म्हणेल? उलट नवशाला आपल्या अकलेचा अभिमान होता. ही युक्ती त्यानं हॉटेलातल्या दोघा-तिघांना शिकवली होती.

मग त्याला हॉटेल आठवलं आणि त्याचा त्यालाच संताप आला. बावीस वर्षं तो खोल्या आवरत होता. सोमवारी सकाळी कचऱ्याच्या डब्यांतून निघणारी फाटलेली चकचकीत पाकिटं त्यानं किती उचलली असतील. ती काय आहेत, कशासाठी आहेत, हे त्याला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एकदा कपाटात न उघडलेला अख्खा डबा राहिला होता, तो त्यानं जाऊन काउंटरवर जमा केला, आणि मॅनेजरनं त्याच्या इमानदारीचं कौतुक करता करता डोळा मारला होता. पण ती वस्तू आपल्या घरी न्यावी असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. ती पर्यटकांची वस्तू होती. टबातल्या आंघोळीसारखी, काट्याचमच्यासारखी. माणसाला ठाऊक असतं आणि तरी ठाऊक नसतं. त्यानं चोरी केली असती तर रंजना आज असती. हा विचार इतका सरळ आला की त्यानं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा.

रंजना एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, त्याला अडीच वर्षं झाली. पाळी थांबली तेव्हा तिला वाटलं, वय झालं, जायची वेळ आली असेल. चौथ्या महिन्यात पोट बोललं. तेव्हा रविनाची, त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, सुपारी फुटलेली होती. लेकीच्या हळदीला आई पोटुशी, हे चित्र रंजनाच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं नवशालाही सांगितलं नाही. वाडीतल्या एका बाईनं कुठूनशा गोळ्या आणून दिल्या, त्या तिनं घेतल्या. मंगळवारी अंगावरून जायला लागलं. तिनं फोन केला नाही. आज थांबेल, उद्या थांबेल, गुरुवारी तर हे येणारच आहेत. गुरुवारी नवशा आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ भिंतीच्या रंगाचे झाले होते. भाड्यानं जीप चालवणाऱ्या धोंडिबाच्या गाडीत मागच्या सीटवर त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मोठ्या दवाखान्याच्या फाटकात जीप वळली तेव्हा ती नव्हती. रविना त्या वेळी शिरगावला मंगलआत्याकडे राहून देवळाजवळच्या फुलांच्या दुकानात कामाला होती. तिला मंगलनं सांगितलं, कावीळ झाली, पोटात उतरली. नवशा काही बोलला नाही. मग तेच वाडीत झालं, तेच रविनाच्या सासरी झालं. पाहुणेरावळे त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, नशीब. त्यानंही मान हलवली होती. एवढे दिवस त्यानं त्या शब्दावर डोकं टेकून झोप घेतली होती. आता सातव्या प्रश्नापुढे नशिबाचा चौकोनच नव्हता.

"घे की," सखाराम म्हणाला. "जुना फाडून टाकतो."

नवशानं कागद छातीशी धरला. "फाडायचा न्हाई."

"अरे, चुकलंय ते."

"चुकलंय म्हनूनच ऱ्हाऊंद्या. आमी ह्येच करत हुतो." आणि त्यानं कागद मांडीवर ठेवून, खाली जिथं काहीच लिहायचं नव्हतं तिथं, सावकाश आपलं नाव लिहिलं. नवशा. फोडांमुळे पेन घट्ट धरता येत नव्हतं, शेवटची रेघ घसरली. त्याखाली लिहिलं, रंजना. हे नाव त्यानं आयुष्यात तीन-चारदाच लिहिलं असेल. सखाराम म्हणाला की नाव लिहायचं नाही, मॅडम रागावतील, सगळा कागद बाद होईल. नवशा म्हणाला, होऊ दे बाद. बाकावरची माणसं आता हसत नव्हती. एका म्हाताऱ्यानं उगाचच खोकून घेतलं.

आत गेल्यावर राजेश्वरी मॅडमनी आधी हात बघितले आणि मग कागद. त्यांनी दोन्ही नावं वाचली. नाव का घातलंत, असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्यामुळे नवशाला बोलणं आणखी सोपं झालं. आपण रागात मोठ्यानं बोलू असं त्याला वाटलं होतं, पण आवाज अगदी बेताचा निघाला. "मॅडम, ती पंधरा वरसं तुमच्याकडं येत हुती. खोकला झाला, कंबार धरली, रगात कमी झालं, तुमच्याकडंच. तुमी जीभ बघितली, डोळं बघितलं. गोळी कशी घेतीस, ह्ये येकदा बी इचारलं न्हाई." मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "नाही विचारलं. मला वाटलं, आशाताईंनी सांगितलं असेल." आशाताईला वाटलं असणार, दवाखान्यात सांगितलं असेल. रंजनाला वाटलं, नवऱ्याला ठाऊक आहे. आणि नवऱ्याला तर सगळंच ठाऊक होतं. मॅडमनी क्षमा मागितली असती तर तो चिडला असता. त्यांनी मागितली नाही. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी घेतंय का अशी?"

तेव्हा नवशा खुर्चीवरून उठला.

वैशाखात जत्रेला रविना माहेरी आली होती, कडेवर सहा महिन्यांची पोर. पोर पोटात आडवी होती म्हणून पोट कापून काढावी लागली होती, आणि कापणाऱ्या डॉक्टरनं बजावलं होतं की तीन वर्षं दुसरं नको, टाके कच्चे आहेत, जिवावर बेतेल. जत्रेच्या दिवशी मंगल ओट्यावर बसून मटणाचा मसाला वाटत होती. वाटता वाटता, नवशाकडे न बघता, तिनं विचारलं होतं, "दादा, वैनी त्या गोळ्या कशी घ्यायची? रविनीला दिल्यात आशाबाईनं." नवशानंही गोठ्याकडे बघत सांगितलं होतं, "जावई येतील त्या दिवशी." चार शब्द. भाऊबहिणीनं याहून जास्त बोलायचं नसतं. ते चार शब्द मंगलनं रविनाला पोचवले असणार आणि रविनानं, आईचंच आहे म्हणून, गाठीशी बांधले असणार. हृतिक, त्याचा जावई, चाकणच्या कंपनीत होता, पोरांबरोबर खोली करून राहायचा आणि दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं मळवलीला उतरायचा. आज शनिवार होता.

मॅडमनी सांगितलं की तिला आजच घेऊन या, पाचला दवाखाना उघडतो; मधूनच रोजची सुरू करायची नाही, आधी तपासावं लागेल, कदाचित दुसरं काही साधन बरं पडेल. हातांना लावायचं मलम त्यांनी लिहून दिलं होतं, तो कागद टेबलावरच राहिला. रस्त्यावर येऊन त्यानं मंगलला फोन लावला. मंगलनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बया, असं असतं व्हय. मग म्हणाली, दिवाळीत ती आली की सांगीन सावकाश. आज सांग, असं नवशा म्हणाला. आज फोनवर कसं सांगू, तिची सासू कानाशी बसलेली असते, आणि दादा, तू यात पडू नकोस, बाप आहेस, लोक शेण घालतील तोंडात. नवशानं फोन बंद केला. लगेच सुपरवायझरचा आला. दुपारी बाराला दोन बस भरून पाहुणे येणार होते आणि सोळा खोल्या आवरायच्या होत्या. नवशा म्हणाला की आज येत नाही. का येत नाहीस, हात इतका दुखतो का? "हात न्हाई दुखत," नवशा म्हणाला आणि तोही फोन बंद केला. बावीस वर्षांत शनिवारी त्यानं एकदाही खाडा केला नव्हता. रंजना गेली तो गुरुवार होता, आणि राख सावडून तो तिसऱ्याच दिवशी, शनिवारी, कामावर हजर झाला होता. त्या शनिवारी त्यानं अठरा पलंगांच्या चादरी बदलल्या होत्या, कोपरे ताणून, सुरकुती न ठेवता. लोक म्हणाले होते, धीराचा माणूस. धीर कसला. त्याला घरी बसायची भीती वाटत होती.

मळवलीच्या रेल्वे फाटकापासून रविनाच्या सासरची वाडी अर्ध्या तासाच्या चढावर. दोन्ही बाजूंना बंगले, त्यांच्या कुंपणांत निळे पाण्याचे हौद, आणि कुंपणं संपली की कापलेली भातखाचरं. नवशा चालता चालता शब्द जुळवत होता. रविना, एक सांगायचंय. रविना, आत्यानं तुला जे सांगितलं. प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं आणि मग त्याला लेकीचा चेहरा दिसायचा. ती वयात आल्यापासून त्यानं तिच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला नव्हता. तिची पाळी, तिचं बाळंतपण, सगळं त्याला बायकांच्या कुजबुजीतून, दाराच्या मागून कळायचं. बापानं दाराच्या पुढे राहायचं असतं. रंजनाही त्या दाराच्या मागे तीन दिवस बसली होती. या विचारासरशी त्याचा पाय भराभर पडायला लागला. लाज. कुणाची लाज? ज्या लाजेनं त्याची बायको नेली तिला तो अडीच वर्षं घरात बसवून पाटपाणी करत होता.

खळ्यात भाताची झोडणी चालली होती. रविना आणि तिची सासू, जिला सगळे बाया म्हणायचे, समोरासमोर उभ्या राहून पेंढ्या फळीवर आपटत होत्या, दोन शेजारणी सूप घेऊन बसल्या होत्या, पोर गोधडीवर झोपली होती. बाप अवेळी आलेला बघून रविनाचा हात थांबला. कुणी गेलं का, असं तिच्या डोळ्यांत होतं. बायानं पाणी आणायला सांगितलं, पाव्हणं बसा म्हणाली. नवशा बसला नाही. पाण्याचा तांब्या हातात घेऊन, उभ्याउभ्याच, तो म्हणाला, "रविना, ती गोळी आठवड्याला येक घ्यायची नसती. रोज घ्यायची असती. म्या चुकीचं सांगितलं आत्याला."

सुपांचा आवाज बंद झाला. रविनाचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला आणि तिनं पेंढीत तोंड लपवल्यासारखी मान घातली. बाया आधी शेजारणींकडे बघून हसली, मग नवशाकडे बघून हसायची थांबली. "पाव्हणं," ती म्हणाली, "बाईल मेली की गड्याचं डोस्कं फिरतं म्हंत्यात. पर लेकीच्या खळ्यात येऊन ह्ये बोलायचं? माज्या लेकाच्या खोलीत कोन कवा काय घेतंय, त्ये आता तुमी बघनार?"

"बघनार, ईनबाई."

"आमी चार काडली. कुटली गोळी न् कुटलं काय. तुमच्या बायकूनं बी घेतलीच आसंल की, तिला कुटं काय झालं? ती कावीळनं गेली."

नवशानं तांब्या खाली ठेवला. आत कुठंतरी मंगलचा आवाज म्हणत होता, दादा, नको. हे बोललं की रंजना या खळ्यात परत एकदा मरेल, आणि या वेळी बदनाम होऊन. विहीण उद्या वाडीभर सांगेल. रविनाला भांडणात ऐकावं लागेल, तुझी आई कशानं गेली ठाऊक आहे. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी तो बोलला. "तिला कावीळ न्हवती. ती पोटुशी हुती. आठवड्याला येक गोळी घेऊन पोटुशी ऱ्हायली, आन् लेकीच्या लग्नात लोकं हसतील म्हनून पोट पाडायला गेली. तीन दिस रगात जात हुतं. तुमच्यासमूर मान खाली जाईल, ह्या भ्यानं तिनं मला फोन केला न्हाई. आता सांगा वाडीला. मी बी सांगत्यो."

 पोर झोपेत कुशीवर वळली. रविनानं मान वर केली होती, आणि आता तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. ती बापाकडे असं बघत होती की जणू तो आत्ताच तिला पहिल्यांदा भेटतोय आणि हा माणूस आपल्याला आवडतो की नाही हे तिचं ठरत नाहीये. "मला सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "अडीच वरसं." नवशा म्हणाला, "न्हाई सांगितलं."  मग रविनानं पेंढी फळीवर एकदा, दोनदा, तीनदा आपटली, दाणे संपल्यावरही आपटत राहिली, आणि बाया पुढे झाली. तिनं सुनेच्या हातातून ती पेंढी काढून घेतली. काढून घेताना तिनं नवशाकडे बघितलं नाही. "पोरीला माज्यापाशी ठिव," ती म्हणाली. "दूध काडून ठिव वाटीत. डाक्तरीन कवा बसती?"

"पाचला," नवशा म्हणाला.

"हृतिक सातला यील. त्याला मी बघते." आणि पेंढी आपटत ती शेजारणींना म्हणाली, "तुमी काय बघताय, पाखडा की."

उतारावर रविना त्याच्या पुढे चालत होती. ती रडत असेल तर ते पाठीवरून कळत नव्हतं. एकदा ती थांबली आणि न वळता तिनं विचारलं, आईला लय दुखलं का. आतापर्यंत कुणीही विचारलं की तो सांगायचा, शांत गेली. "व्हय," तो म्हणाला. "लय दुखलं." रविना पुन्हा चालायला लागली. चालताना तिचा वेग कमी झाला, इतका की फाटकाजवळ पोचेपर्यंत दोघं शेजारी आली होती.

फाटकापाशी धोंडिबाचीच जीप उभी होती. अडीच वर्षांत नवशा त्या जीपमध्ये बसला नव्हता. दुसरी येईपर्यंत थांबायचा नाहीतर चालत जायचा. आज तो पुढे बसला. मागे रविना, तिच्याबरोबर दोन बायका, बाजाराच्या पिशव्या, एक शाळामास्तर, आणि पिंजऱ्यात कोंबड्या घेतलेला एक माणूस. धोंडिबा चांगला माणूस. रंजनाला नेताना त्यानं एकदाही ब्रेक जोरात मारला नव्हता. त्यानं आरशातून मागे बघितलं आणि आपुलकीनं विचारलं, "काय नवशाभाऊ, बापल्योक आज कुनीकडं?"

दवाखान्यात, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. हात दाखवायला, असं म्हणता आलं असतं. हात तर दिसत होते. "हिला गोळ्या कशा घ्यायच्या त्ये इचारायला," नवशा म्हणाला. "पोरं हू नयेत त्या. आमाला ठावं न्हवतं, म्हनून हिची आई गेली."

शाळामास्तर खिडकीबाहेर बघायला लागला. एका बाईनं पदर तोंडावर घेतला. धोंडिबाचे कान तांबडे झाले. काही सुचेना तसा त्यानं हात पुढे करून टेपचा आवाज मोठा केला. कुठल्यातरी लग्नातलं गाणं जीपभर दणाणलं. नवशानं ते चार-पाच क्षण ऐकून घेतलं. मग फोड आलेलं बोट पुढे नेऊन टेप बंद केला.

इंजिनाचा आणि कोंबड्यांचा आवाज तेवढा राहिला.  मागून रविना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बाबा, आन् येकांदा दिस ऱ्हायला तर काय करायचं, त्ये बी इचारायचं हाय."